माझ्या भावाला बाप व्हायचंय

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीहून ती बातमी आली आणि दुपारपर्यंत आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचे फॉरवर्ड सगळीकडून येऊन पडले. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर भारतात तयार झालेली पहिली जीन एडिटिंग, म्हणजे जीनमध्येच दुरुस्ती करणारी, उपचारपद्धती. नाव ‘बिरसा १०१’. सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या दिल्लीतल्या आयजीआयबी या संस्थेनं विकसित केलेली, आणि पुढच्या कामासाठी तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिलेलं. मी हडपसरला राहते. त्यामुळे आत्याचा लगेच फोन, "तुह्या घराजवळच हाये म्हनते थे. जाऊन विचारून ये न एकदा." जणू काउंटरवर जाऊन नंबरच लावायचा होता.

ज्याला हा आजार आहे तो माझा भाऊ ग्रुपवर काही बोलला नाही. रात्री त्यानं मला वेगळा फोन केला. "ताई, त्याच्यात आधी किमो देतात म्हनते. मंग मले लेकरू होईन का?"

जीन एडिटिंगमधल्या नैतिक प्रश्नांवर मी हाताला लागेल ते वाचत असते. त्यात ऑर्डर देऊन बनवलेली उंच, गोरी, हुशार मुलं हमखास भेटतात. देवाच्या कामात ढवळाढवळ भेटते. पण ज्याच्या अंगात तो बिघडलेला जीन आहे, त्याच्या तोंडून आलेला पहिला प्रश्न हा होता, आणि मी वाचलेल्या मराठी लेखांत तो मला कुठं दिसला नव्हता. म्हणून हे लिहायला बसले.

आमचं घर चंद्रपूरचं. बाबा कोळसा खाणीत होते. आई-बाबा दोघंही एएस पॅटर्न, म्हणजे सिकलसेलचे वाहक, आणि दोघांनाही ते भाऊ आजारी पडायला लागल्यावरच कळलं. मीही एएस. भाऊ एसएस, म्हणजे रुग्ण. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही, पण दोन वाहकांच्या प्रत्येक बाळाला एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडे हा आजार गोंड-माडियांत आहे, आम्हा बौद्धांत भरपूर आहे, तेली-कुणब्यांतही आहे. सरकारी भाषणांत मात्र तो ‘आदिवासींचा आजार’ असतो. उपचाराला बिरसा मुंडांचं नाव दिलं याचा मला आनंदच आहे. फक्त उद्या एखाद्या योजनेच्या यादीत जातीच्या दाखल्यावरून माझा भाऊ बाहेर राहू नये.

बिघाड म्हणावा तर एका अक्षराचा. अकराव्या गुणसूत्रावर बीटा ग्लोबिनचा जीन आहे, त्यात एका जागी ‘ए’च्या ठिकाणी ‘टी’ आलेला असतो. त्यामुळे प्रथिनात सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, ताठरतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अडकतील तिथं दुखणं उठतं. भाऊ अशा वेळी ओरडत नाही. गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करतो आणि कुणी काही विचारलं तर फक्त "हं" म्हणतो. बारावीच्या वर्षी त्याच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा गेला. तेव्हापासून तो लंगडत चालतो. आता त्याचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. खुर्चीवर बसून होईल असंच काम बघायचं होतं.

हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल सुरू झाल्यापासून दुखण्याचे झटके पुष्कळ कमी झालेत. हे मुद्दाम सांगते, कारण जीन एडिटिंगच्या बातम्यांच्या झगमगाटात या जुन्या, स्वस्त औषधाकडे कुणाचं लक्ष जात नाही. गडचिरोलीतल्या कोरची किंवा एटापल्लीच्या पोराला हे औषध वर्षभर खंड न पडता मिळालं, तरी कितीतरी दुखणी टळतील. त्यासाठी प्रयोगशाळेतल्या कुठल्याच नव्या शोधाची गरज नाही.

बोन मॅरो, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा मगज, दात्याकडून घेऊन बदलता येतो का, तेही आम्ही तपासून पाहिलं. सख्ख्या भावंडाचा मॅरो पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. मी वाहक असले तरी देऊ शकले असते. जुळला नाही. रिपोर्ट वाचून मी गप्प बसले होते, तर भाऊच म्हणाला, "जाऊ दे न ताई, तुह्या हाडाले सुई टोचायची वाचली."

जीन एडिटिंगची ओढ वाटते ती याच कारणानं. यात दाता लागत नाही, रुग्णाच्याच पेशी वापरतात. जगात सगळ्यात आधी मान्यता मिळालेली अशी पद्धत म्हणजे ‘कॅसजेव्ही’. ब्रिटननं तिला १६ नोव्हेंबर २०२३ रोजी परवानगी दिली, अमेरिकेनं ८ डिसेंबरला. तिची युक्ती मला फार आवडते. पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात सिकलसेलचा दोष नसतो. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर ते बनवणं जवळजवळ थांबवतं. थांबवण्याचा खटका बीसीएल११ए नावाच्या जीनच्या हातात असतो. क्रिस्पर हे जीन कापण्याचं तंत्र वापरून रक्ताच्या मूलपेशींमध्ये, म्हणजे ज्यांतून रक्त बनतं त्या पेशींमध्ये, तो खटका निकामी करायचा, की बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा वाहू लागतं. मूळ दोष तिथंच राहतो, त्याचा जोर मोडतो. चाचणीत पुरेसा काळ देखरेखीखाली राहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने एकही तीव्र झटका आला नाही. वर्षभर एकही झटका नाही, हे वाक्य मी घरी मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. आई म्हणाली, "पुन्हा वाच."

पण या सुधारलेल्या पेशी परत सोडायच्या, तर त्यांना हाडांच्या पोकळीत जागा हवी. ती जागा जुन्या पेशी मारून करावी लागते. त्यासाठी बुसल्फान नावाचं जबर किमोथेरपीचं औषध देतात. केस जातात, तोंड सोलवटतं, प्रतिकारशक्ती शून्यावर येते, काही आठवडे इस्पितळात बंद खोलीत काढावे लागतात. हे सगळं भरून येतं. जे बऱ्याचदा भरून येत नाही ते म्हणजे मूल होण्याची क्षमता. बुसल्फाननं पुरुषाचे शुक्राणू आणि बाईची अंडाशयं कायमची निकामी होण्याचा धोका मोठा आहे. मूलपेशी बाहेर काढून, सुधारून परत देणारी कुठलीही पद्धत आज या टप्प्याला टाळू शकत नाही. किमोशिवाय जागा करण्याच्या वाटा शोधल्या जात आहेत, पण त्या संशोधनात आहेत.

आणखी एक गोष्ट, जी भावाला समजावताना माझ्याच नीट ध्यानात आली. या उपचारात रक्ताच्या पेशींमधला जीन बदलतो, शुक्राणूंमधला नाही. त्यामुळे उपचारानं ठणठणीत झालेला माणूसही मुलांना ‘एस’च देणार. बायको वाहक नसेल तर सगळी मुलं एएस. बायको एएस असेल तर प्रत्येक बाळाला एसएसची शक्यता निम्मी.

साऱ्या जगानं चिंता वाहिली ती पुढच्या पिढ्यांच्या जीनमध्ये बदल होईल याची. प्रत्यक्षात मान्यता मिळालेला उपचार पुढच्या पिढीच्या जीनला हातही लावत नाही, पण त्या माणसाची पुढची पिढीच होऊ न देण्याची ताकद त्यात आहे. आणि ही गोष्ट ‘दुष्परिणाम’ या मथळ्याखाली बारीक टायपात जाते.

उपाय आहे. पुरुषानं आधी शुक्राणू गोठवून ठेवायचे. सांगायला सोपं. सिकलसेलच्या पुरुषांत मुळात शुक्राणूंचं प्रमाण बरेचदा कमी असतं, आणि हायड्रॉक्सियुरियानं ते आणखी घटतं. म्हणजे नमुना देण्याआधी डॉक्टरांच्या सल्ल्यानं औषध काही काळ थांबवावं लागू शकतं, आणि औषध थांबलं की झटके परत येणार. मुलींचं त्याहून अवघड. अंडी काढायची म्हणजे हार्मोनची इंजेक्शनं, आणि त्या काळात गुठळ्या आणि झटके यांची भीती. शिवाय कॅसजेव्हीला सुरुवातीची मान्यता १२ वर्षांपासून पुढच्या रुग्णांसाठी मिळाली. बारा वर्षांच्या पोराला तू मोठेपणी बाप होशील की नाही हे विचारून त्याचं उत्तर कसं घ्यायचं? ते उत्तर आई-बापच देणार. अमेरिकेतसुद्धा गरीब रुग्णांसाठी हा खर्च कोण करणार यावरून वाद झाला. औषध बनवणारी व्हर्टेक्स कंपनी पैसे द्यायला तयार होती, पण औषध खपवण्यासाठी दिलेलं हे आमिष ठरेल असं सरकारी यंत्रणेचं म्हणणं पडलं, आणि २०२४ मध्ये कंपनी कोर्टात गेली. मला दोन्ही बाजू पटतात. फुकट शुक्राणू बँक हे गरिबासाठी आमिष असू शकतं. पण ती न देणं म्हणजे पैसेवाल्याला उपचार आणि मूल दोन्ही, गरिबाला दोन्हींपैकी एक.

आमच्याकडे तर यावर बोलायलाच तोंड उघडत नाही. मागे एका मोठ्या इस्पितळात आम्ही तिघं गेलो होतो. मी, आई आणि भाऊ. डॉक्टर सगळा वेळ माझ्याशी बोलत होते, कारण फाईल माझ्या हातात होती. पंचविशीतला माणूस समोर बसलाय, आजार त्याचा आहे, आणि त्याच्या लग्नाचा विषय निघाला तेव्हा ते मला म्हणाले, "यांच्या लग्नाचं काही काढू नका सध्या." भाऊ पंख्याकडे बघत होता. आईसमोर, दारात उभ्या असलेल्या पुढच्या पेशंटसमोर, तो काय विचारणार होता?

आईचं मत वेगळंच आहे आणि ते ती लपवत नाही. "लेकरू नाही झालं तं नाही झालं. माहं लेकरू तं राहीन." तिनं रात्री जागवल्यात, तिला हा हिशेब सोपा आहे. तिच्यापुढे संमतीचा कागद ठेवला तर ती न वाचता सही करेल. म्हणूनच तो कागद तिच्यापुढे ठेवू नये असं मला वाटतं.

संमतीचा कागद म्हटलं की मला फिलाडेल्फिया आठवतं. १९९९ मध्ये तिथल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जेसी गेल्सिंगर नावाचा १८ वर्षांचा मुलगा जीन थेरपीच्या चाचणीत सामील झाला. त्याला शरीरातल्या अमोनियाचा निचरा नीट न होण्याचा जन्मजात आजार होता, पण सौम्य, पथ्यपाणी आणि औषधांवर आटोक्यात असलेला. इंजेक्शननंतर चार दिवसांत तो गेला. चौकशीत निघालं की आधीच्या प्रयोगांत माकडं दगावली होती हे त्याला दिलेल्या कागदात नव्हतं, आणि मुख्य संशोधकाचे संबंधित कंपनीत आर्थिक हितसंबंध होते. त्यानंतर हे सगळं क्षेत्र कित्येक वर्षं मागं गेलं. २०२५ मध्ये त्याच शहरात, त्याच प्रकारच्या दुसऱ्या एका आजाराच्या तान्ह्या बाळासाठी, खास त्याच्या एकट्याच्या जीनमधल्या बिघाडावर बेतलेलं जीन एडिटिंगचं औषध अवघ्या सहा महिन्यांत तयार केलं गेलं. बाळ घरी गेलं. त्याच्या वतीनं होकार त्याच्या आई-बापांनी दिला, आणि उशीर केला असता तर बाळ वाचण्याची खात्री नव्हती. हे जोखमीचं होतं आणि बरोबरही होतं असं मी म्हणते. जेसीचं प्रकरण आणि हे, दोन्हींत शास्त्र जवळजवळ एकाच रस्त्यावरचं. फरक होता तो समोरच्याला किती खरं सांगितलं याचा, आणि त्याच्याकडे दुसरा पर्याय होता की नव्हता याचा.

आपल्या देशातलंही एक उदाहरण आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून संरक्षण देणारी एचपीव्हीची लस देऊन बघितली गेली. काही मुली दगावल्या आणि प्रकल्प थांबला. मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही, असं चौकशीत म्हटलं गेलं. पण त्यातून जे बाहेर आलं ते असं की, अनेक संमतीपत्रांवर आश्रमशाळांच्या मुख्याध्यापकांच्या आणि वसतिगृहांच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. त्या मुलींच्या आई-बापांना पत्ताच नव्हता. लस चांगली असणं आणि विचारून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या जिल्ह्यांत सिकलसेल सगळ्यात जास्त आहे, तिथंच आश्रमशाळाही सगळ्यात जास्त आहेत.

आता ज्यावर सगळे बोलतात त्यावर थोडं. गर्भाच्या जीनमध्येच बदल करायचा का? २०१८ मध्ये चीनच्या हे जियानकुई यांनी जुळ्या मुलींच्या बाबतीत ते केलं, एचआयव्हीपासून संरक्षण म्हणून. पुढच्या वर्षी त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. मुलींच्या वडिलांना एचआयव्ही होता, पण बाळाला लागण होऊ न देण्याचे साधे, खात्रीचे उपाय तेव्हाही होते. गरजच नव्हती. सिकलसेलमध्येही बहुतेक जोडप्यांना ती नाही. दोन वाहकांचे चारातले तीन गर्भ आजारमुक्त असतात, आणि आयव्हीएफ करून, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून, तो तपासून निवडता येतो. नवरा-बायको दोघंही एसएस असतील तरच निवडायला काही उरत नाही. एवढ्या मोजक्या जोडप्यांसाठी, जन्माला न आलेल्या आणि त्यांच्याही पुढच्या माणसांवर कायमचा प्रयोग करावा असं मला वाटत नाही. आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी आपल्याकडे त्याला मनाई केलेली आहे. माझ्यापुरता हा विषय इथं संपतो.

मला त्याहून जास्त भीती वाटते ती ‘निर्मूलन’ या ध्येयाची. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत सिकलसेलचं निर्मूलन. तपासणी हवीच, माझा तिला पूर्ण पाठिंबा आहे. प्रत्येकाला कार्ड मिळतं आणि लग्नाआधी दोघांनी कार्ड पाहावं असं सांगतात. प्रत्यक्षात काय होतं ते आमच्या नात्यात पाहिलंय. मावसबहिणीनं प्रामाणिकपणे एएस असल्याचं सांगितलं आणि ठरलेलं लग्न मोडलं. मुलानं तर तपासणीच केली नव्हती. तो वाहक नसता तर त्यांच्या एकाही मुलाला आजार होणार नव्हता, पण ते ऐकायला कोण थांबतो! माझ्या लग्नाच्या वेळी सातारकडच्या सासरी हा शब्दच कुणी ऐकलेला नव्हता. नवऱ्यानं तपासणी करून घेतली, ती सासूबाईंना अजून रुचलेली नाही.

लायनस पॉलिंग हे नाव इथं घ्यायलाच हवं. सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूतला दोष आहे हे १९४९ मध्ये दाखवून देणारा शास्त्रज्ञ, पुढे दोन नोबेल मिळवणारा. त्यानंच १९६८ मध्ये लिहिलं की हा जीन असलेल्या प्रत्येक तरुणाच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांना पाहताच ओळखतील आणि प्रेमात पडायचं टाळतील. आजार कमी व्हावा हाच हेतू. इतका मोठा माणूस, इतक्या चांगल्या हेतूनं, असं लिहून जातो. म्हणून निर्मूलन म्हटलं की मी विचारते, आजाराचं की आमचं? जीन एडिटिंगच्या बाजूनं मी उभी आहे त्याचं एक कारण हेच आहे. त्यात निदान आधी जन्मलेल्या माणसाला बरं करायचा विचार असतो.

किमतीबद्दल जास्त लिहीत नाही, कारण तिथं नीतीचा गुंता काही नाही, सरळ अन्याय आहे. कॅसजेव्हीची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटींच्या वर. देशी पद्धत त्याच्या मानानं फार स्वस्तात देऊ असं सांगितलं जातंय, आणि लसींच्या बाबतीत पुण्यानं ते करून दाखवलेलं आहे. माणसांवरच्या चाचण्या नीट पार पडू देत. त्या चाचण्यांसाठी पहिली माणसं आमच्याच भागातून लागतील, हे मात्र उघड आहे.

भावाशी यावर खूप बोलणं झालंय. चाचणीत जायला तो तयार आहे, माझ्यापेक्षा जास्त. त्याच्या मागण्या त्यानं स्वतः लिहून काढल्यात, झेरॉक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. शुक्राणू साठवण्याचा खर्च चाचणीतूनच व्हावा. डॉक्टरांनी एकदा तरी आई आणि ताई बाहेर असताना बोलावं. कागद मराठीत असावा, आणि गोंडी-माडिया बोलणाऱ्याला त्याच्या भाषेत तोंडी समजावावा. पुढं अनेक वर्षं तपासणीला यावं लागेल, त्याचं जाण्या-येण्याचं भाडं आणि बुडालेला रोज मिळावा. मी त्यात किमतीबद्दल एक ओळ घालायला सांगितली, तर म्हणाला, "थे तू लिही तुह्या ब्लॉगवर."

शुक्राणूंच्या तपासणीसाठी त्यानं नागपूरच्या डॉक्टरांना फोन केला, पहिल्यांदाच स्वतः. त्यासाठी कॅप्सूल थांबवायची की नाही, किती दिवस, हे ते तपासून ठरवणार आहेत. हिवाळ्यात ती बंद करायची नाही एवढं आमचं पक्कं आहे, कारण त्याचे झटके थंडीतच जास्त येतात. त्यामुळे हे काम आता होळीनंतर. आईला अजून सांगितलेलं नाही. तो म्हणतो, तो स्वतः सांगणार आहे.